रस्त्यावरची लाल रेघ नकाशात कशी उतरवावी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कोथरूड परिसरातील काही रहिवासी नळ स्टॉप ते चांदणी चौक या पाच-सहा किलोमीटरच्या रस्त्यावरील सकाळ-संध्याकाळच्या कोंडीचा पद्धतशीर अभ्यास करून तो प्रशासनापुढे मांडू इच्छितो. आमच्यापैकी एक जण निवृत्त स्थापत्य अभियंता असून त्यांना क्यूजीआयएस हे नकाशे हाताळण्याचे मुक्त सॉफ्टवेअर वापरता येते. मोबाइलवर गूगल मॅप्समध्ये हिरव्या, नारिंगी आणि लाल रंगात दिसणारी वाहतुकीची ताजी स्थिती या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून महिनाभर साठवता येईल का? एका ओळखीच्या तरुणाने इंटरनेटवरचा एक पत्ता दिला. तो टाकल्यावर रंगीत रेघा आमच्या नकाशावर दिसू लागल्या, पण रेघेवर क्लिक केले असता वेगाचा आकडा मिळत नाही. आमचे काय चुकते आहे? वाहनांची संख्याही कळली तर हवी आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : क्लिक करण्यात आपली चूक नाही. आपल्या संगणकावर जे आले आहे ते मुळात चित्र आहे. नकाशा पुरवणारे सर्व्हर जगाचे लहान-लहान चौकोनी तुकडे करून ठेवतात, आपण नकाशा सरकवला की त्या जागेचे तुकडे येऊन शेजारी-शेजारी बसतात, आणि वाहतुकीचा थर हाही अशाच पारदर्शक तुकड्यांचा बनलेला असतो. त्यात लाल रंगाचे ठिपके असतात, परंतु 'या रस्त्यावर या क्षणी ताशी ९ किलोमीटर' अशी नोंद नसते, म्हणून क्लिक केल्यावर हाती काही लागत नाही. रंग ओळखून उलट आकडा काढण्याची युक्ती आपल्याला कोणीतरी सुचवीलच, पण ती करू नये. वेगाचा सगळा विस्तार तीन-चार रंगांत कोंबल्यावर ताशी ६ आणि ताशी ११ यांतला फरक, म्हणजे नेमका आपल्या अभ्यासाचा विषय, पुसला गेलेला असतो. शिवाय गूगलच्या नकाशा-सेवेच्या अटींनुसार तिथली माहिती बाहेर खेचून घेणे, तिचा साठा करणे आणि ती गूगलखेरीज अन्य नकाशावर मांडणे यांना मनाई आहे. त्या तरुणाने दिलेला पत्ता अधिकृत सेवेचा नसणार, आणि अशा पत्त्यावर उभारलेला अभ्यास एखाद्या सकाळी कोऱ्या पडद्यावर संपतो. प्रशासनापुढे जाताना 'ही माहिती कुठून घेतली?' हा पहिलाच प्रश्न येईल, तेव्हा त्याचे उत्तर स्वच्छ असलेले बरे.

येथे तीन क्रिया वेगळ्या ओळखाव्या लागतात : वाहतूक पाहणे, तिचा आकडा मागवणे आणि तो आकडा साठवणे. पाहणे फुकट आणि सर्वांना खुले आहे. आकडा मागवण्यासाठी कंपनीकडे नोंदणी करून आपल्या नावाची किल्ली, म्हणजेच एपीआय-की, घ्यावी लागते. साठवण्यासाठी मात्र बहुतेक वेळा निराळी परवानगी किंवा निराळे पैसे लागतात, आणि लोकांची गल्लत होते ती या तिसऱ्या ठिकाणी.

आकडा देणाऱ्या दोन मोठ्या सेवा म्हणजे टॉमटॉम आणि हिअर. पुण्याचे आकडे त्यांच्याकडे असतील का, अशी शंका घेण्याचे कारण नाही. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यातील १० किलोमीटरच्या प्रवासाला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात अशी नोंद होती, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटर. टॉमटॉमच्या सेवेला एका जागेचे अक्षांश-रेखांश दिले की ती त्या जागेजवळचा रस्त्याचा तुकडा शोधते आणि त्यावरचा सध्याचा वेग, रस्ता मोकळा असतानाचा वेग, दोन्ही स्थितींत लागणारा वेळ, रस्ता बंद आहे की नाही, आणि या सगळ्यावर किती विश्वास ठेवावा याचा ० ते १ मधील एक अंक परत करते. हिअरच्या सेवेत याखेरीज कोंडीचा ० ते १० असा गुणांक मिळतो, त्यात १० म्हणजे रस्ता बंद. तिच्या सातव्या आवृत्तीत वेग मीटर प्रतिसेकंदात येतो. त्याला ३.६ ने गुणण्याचे विसरल्यामुळे अख्खे पुणे रांगत असल्याचा निष्कर्ष काढलेला एक अहवाल माझ्या डोळ्यांखालून गेला आहे.

विश्वासाच्या त्या अंकाकडे बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. हिअरच्या पद्धतीत हा अंक ०.७ च्या वर असेल तर वेग खरोखर त्या वेळच्या वाहनांवरून काढलेला असतो. तो ०.५ ते ०.७ असेल तर जुन्या नोंदींवरून बांधलेला अंदाज असतो, आणि ०.५ च्या खाली केवळ रस्त्याची वेगमर्यादाच वेग म्हणून दिलेली असते. 'थेट' म्हणून आलेला प्रत्येक आकडा थेट नसतो, हे त्यावरून कळते. पौड रस्त्यावर दिवसा हा अंक चांगला यावा, पण आतल्या गल्ल्यांचे आकडे घेऊन रंगीत नकाशा करण्यापूर्वी तो रकाना उघडून पाहा.

क्यूजीआयएसमध्ये हे दिसण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे टॉमटॉमचे सदिश तुकडे, म्हणजेच व्हेक्टर टाइल. क्यूजीआयएसच्या ३.१४ या आवृत्तीपासून व्हेक्टर टाइलचा थर थेट जोडता येतो. कंपनीच्या कागदपत्रात दिलेला पत्त्याचा साचा आणि आपली किल्ली 'नवीन जोडणी' मध्ये भरली की रस्ते रेघांच्या रूपात येतात, आणि या वेळी रेघेवर क्लिक केल्यास खरा आकडा मिळतो. हे तुकडे निरपेक्ष आणि सापेक्ष अशा प्रकारांत मिळतात. निरपेक्ष प्रकारात वेग किलोमीटर प्रतितास असा येतो, तर सापेक्ष प्रकारात मोकळ्या रस्त्याच्या वेगाशी असलेले गुणोत्तर येते. आपण निरपेक्ष घ्यावा, कारण गुणोत्तर नंतर केव्हाही काढता येते. थर ठरावीक वेळाने ताजा करून घ्यावा. एक सावधगिरी : प्रकल्पाच्या फाइलमध्ये हा पत्ता किल्लीसकट लिहिला जातो. ती फाइल व्हॉट्सअॅपच्या गटात टाकली की आपली किल्ली सगळ्या गटाची होते आणि रोजची मर्यादा दुपारच्या आत संपते.

आपल्या मार्गाची एक खास अडचण आहे. नळ स्टॉपला जमिनीवरचा रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहून वर मेट्रो असे तीन मजले आहेत. वरून पाहिले तर पुलावरचा आणि पुलाखालचा बिंदू एकच असतो, त्यामुळे अक्षांश-रेखांश देऊन मागवलेला वेग कोणत्या मजल्याचा आहे हे बिंदूवरून ठरत नाही. चांदणी चौकातही २०२३ मध्ये खुल्या झालेल्या रचनेत मार्गिका एकमेकींच्या इतक्या जवळून जातात की दहा मीटर इकडेतिकडे झाले तर साताऱ्याकडे जाणाऱ्या मार्गिकेचा वेग मुळशीच्या नावावर पडेल. म्हणून सेवेकडून आलेल्या उत्तरात त्या तुकड्याची जी आकृती मिळते, ती एकदा नकाशावर काढून डोळ्यांनी तपासावी आणि पूल सुरू होण्याच्या आधीचा व संपल्यानंतरचा असे निःसंदिग्ध बिंदू निवडावेत. वीस बिंदू, सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास, दर दहा मिनिटांनी एकदा, असा हिशोब केल्यास दिवसाला ९६० मागण्या होतात. आपण घेतलेल्या योजनेची रोजची मर्यादा पाहून त्यात बसेल तेवढेच करावे.

आता महिनाभर साठवण्याविषयी. येथे सेवेच्या अटी शब्दशः वाचाव्यात, कारण नकाशा दाखवण्यापुरते आकडे काही वेळ ठेवण्यास मुभा आणि त्यांचा स्वतःचा संग्रह उभारण्यास मनाई, अशी विभागणी या व्यवसायात सर्रास असते. जुन्या आकड्यांची विक्री हा या कंपन्यांचा स्वतंत्र धंदा आहे. टॉमटॉमचे 'ट्रॅफिक स्टॅट्स' हे त्याचेच उदाहरण, ज्यात मार्ग आणि कालावधी सांगितला की मागील काळाचे प्रवासवेळ विकत मिळतात. रहिवाशांचा गट असल्याचे आणि हेतू व्यापारी नसल्याचे लिहून परवानगी मागायला हरकत नाही, मात्र ती लेखी घ्यावी. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वाहतूक विभागाला सोबत घेतल्यास पत्राला वजन येते.

परंतु माझे मत विचाराल, तर एवढ्या लहान मार्गासाठी आपण स्वतःची माहिती स्वतः गोळा करावी. आपल्या गटातील दहा-बारा जण या रस्त्याने रोज जात असतील. प्रत्येकाने फोनमध्ये जीपीएस-नोंद ठेवणारे एखादे मोफत अॅप घेऊन जीपीएक्स फाइल (प्रवासातील बिंदूंची नोंद) जतन केली, तर ती क्यूजीआयएस सरळ उघडते आणि प्रत्येक बिंदूसोबत वेळ असते. नळ स्टॉप, पौड फाटा, वनाज, कोथरूड आगार आणि चांदणी चौक येथे रस्त्याला आडव्या रेघा मारून त्या ओलांडल्याच्या वेळा काढल्या की प्रत्येक टप्प्याचा प्रवासवेळ मिळतो. हा साठा पूर्णपणे आपला असतो आणि तो कोणालाही दाखवता येतो. फाइली एकत्र करण्याआधी प्रत्येकाने घराजवळचा आणि कार्यालयाजवळचा दोन-तीनशे मीटरचा भाग काढून टाकावा, नाहीतर कोण कुठे राहतो आणि किती वाजता घर सोडतो याचीच यादी तयार होईल. दुचाकी, मोटार आणि पीएमपीची बस यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. मी स्वतः एकदा अशी नोंद घेताना वाटेत चहासाठी थांबलो आणि अॅप बंद करायला विसरलो. नकाशावर त्या टपरीसमोर अकरा मिनिटांची भयंकर कोंडी झालेली दिसत होती.

माझ्या चहाचे हसू येईल, पण मोठ्या कंपन्यांचे आकडेही याच मातीचे असतात. गूगलने २००९ च्या सुमारास लोकांच्या फोनकडून येणाऱ्या स्थानावरून शहरातील रस्त्यांचा वेग काढण्यास सुरुवात केली, आणि २०२० मध्ये जिमोन वेकर्ट या बर्लिनच्या कलावंताने ९९ फोन एका हातगाडीत घालून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली, तेव्हा नकाशावर तो रस्ता लाल झाला. भारतासारख्या देशांत दुचाकी आणि मोटार यांच्यात फरक करता येतो, हातगाडीचे मात्र अजून साधलेले नाही, असे उत्तर गूगलने त्यावर गमतीने दिले होते.

यावरून आपल्या शेवटच्या मागणीचे उत्तरही मिळते. या सेवा वेग सांगतात, वाहनांची संख्या सांगत नाहीत. ताशी ८ किलोमीटर हा वेग चारशे मोटारींमुळेही येतो आणि रस्त्यात बंद पडलेल्या एका ट्रकमुळेही येतो. संख्या हवी असल्यास मोजणीला पर्याय नाही. पादचारी पुलावर किंवा गच्चीवर बसून पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुणा करणे ही जुनी पद्धत आजही चालते. वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी १९५४ मध्ये मांडलेली फिरत्या निरीक्षकाची पद्धतही आहे : प्रवाहाच्या उलट दिशेने जाताना समोरून आलेली वाहने मोजायची, प्रवाहाबरोबर परतताना आपल्याला मागे टाकणाऱ्या वाहनांतून आपण मागे टाकलेली वजा करायची, आणि दोन्हींच्या बेरजेला दोन्ही फेऱ्यांच्या एकूण वेळेने भागायचे. जाताना १२ मिनिटांत ३०० वाहने भेटली, येताना १८ मिनिटांत २५ पुढे गेली आणि १० आपण मागे टाकली, तर ३१५ भागिले ३०, म्हणजे मिनिटाला साडेदहा, तासाला ६३०. आपल्याकडे दुचाकी दोन्ही बाजूंनी सुटतात, म्हणून मोजणाऱ्या व्यक्तीने गाडी चालवू नये आणि शक्य असल्यास दोघांनी मोजावे.

हिशोबातील एक चूक इतकी सर्वत्र आढळते की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक किलोमीटर ताशी १० च्या वेगाने आणि पुढचा किलोमीटर ताशी ४० च्या वेगाने कापला, तर सरासरी २५ येत नाही. पहिल्याला ६ मिनिटे लागली, दुसऱ्याला दीड, म्हणजे दोन किलोमीटरला साडेसात मिनिटे, आणि सरासरी वेग ताशी १६. वेगांची सरासरी काढण्याऐवजी नेहमी वेळांची बेरीज करावी. तसेच 'मोकळ्या रस्त्याचा वेग' याला वेगमर्यादा समजू नये. तो वर्दळ नसताना वाहने प्रत्यक्षात ज्या वेगाने जातात तो असतो, म्हणून रात्रीही खड्डे चुकवावे लागणाऱ्या रस्त्यावर तो मुळातच कमी असतो आणि दिवसाची कोंडी त्या तुलनेत सौम्य भासते. नोंदींचे दिवस निवडताना पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे ध्यानात ठेवावे.

कंपन्यांशी पत्रव्यवहार चालू असेपर्यंत आपल्या अभियंता मित्रांना हात बसवायचा असेल, तर फिनलंडच्या सरकारी मालकीच्या फिनट्रॅफिक कंपनीची 'डिजिट्रॅफिक' ही सेवा वापरून पाहावी. रस्त्यात बसवलेल्या मोजणी-केंद्रांचे ताजे आकडे ती नोंदणी किंवा किल्ली न मागता देते, आणि श्रेय दिल्यास ते साठवण्याची व पुन्हा वापरण्याची मोकळीक असते. केंद्रांची ठिकाणे जिओजेसॉन या नकाशा-माहितीच्या स्वरूपात असल्याने क्यूजीआयएसमध्ये लगेच उघडतात. मोजमापे दुसऱ्या पत्त्यावर स्थानाशिवाय येतात आणि केंद्रक्रमांकावरून दोन्ही जोडावी लागतात. एका केंद्राच्या पोटात अनेक मोजमापे असल्यामुळे आधी ती यादी सपाट करून, म्हणजे प्रत्येक मोजमापाची एक ओळ करून, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) बनवावी. रकान्यांची नावे फिनिश आहेत : 'ओहितुक्सेत' म्हणजे गेलेली वाहने, 'केस्किनोपेउस' म्हणजे सरासरी वेग. येथे वेग आणि संख्या दोन्ही मिळतात, जे आपल्याला पुण्यात हवे होते. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपल्या कामातही या प्रमाणवेळेतल्या नोंदी आल्या, तर साडेपाच तास मिळवावेत, अन्यथा सकाळी सव्वानऊची कोंडी पावणेचारला झालेली दिसेल.

प्रश्न : टॉमटॉमच्या सेवेतून सीताबर्डी परिसरातील बारा बिंदूंचे वेग मागवून मी सीएसव्ही केली. क्यूजीआयएसमध्ये टाकल्यावर नकाशावर काहीच दिसत नाही, आणि 'थरापर्यंत जा' केल्यास पडदा कुठल्यातरी समुद्राजवळ जातो. एकदा बिंदू दिसले तेव्हा ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातील रस्त्यापासून बाजूला पडले होते.
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आपली सीताबर्डी आर्क्टिक वृत्तात गेली आहे. नागपूरचे अक्षांश सुमारे २१.१५ आणि रेखांश ७९.०९. त्यांची अदलाबदल झाली की ७९ अंश उत्तर आणि २१ अंश पूर्व ही जागा येते, ती नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहाची. टॉमटॉमला बिंदू देताना अक्षांश आधी लिहितात, जिओजेसॉनमध्ये रेखांश आधी असतो, आणि क्यूजीआयएसच्या आयात-खिडकीत क्ष म्हणजे रेखांश. तेथे रकाने उलटे निवडले गेले आहेत.

बिंदू रस्त्यापासून बाजूला पडणे ही वेगळी गोष्ट आहे. कंपनीचा रस्ता आणि ओपनस्ट्रीटमॅपचा रस्ता निरनिराळ्या लोकांनी काढलेला असल्याने दोन्हींत काही मीटरचा फरक राहतोच. जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावर ओपनस्ट्रीटमॅपमधील भारताच्या पश्चिम विभागाची फाइल मिळते, तीत महाराष्ट्र आणि गोवा आहेत. त्यातील केवळ मुख्य रस्ते गाळून घ्यावेत आणि मग 'जवळच्या घटकाशी जोडा' ही क्रिया २० मीटरची मर्यादा घालून करावी. मीटर म्हणजे मीटरच राहावेत यासाठी आधी दोन्ही थर प्रक्षेपित करून, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या सपाट नकाशात बदलून, घ्यावेत. अशा प्रत्येक प्रक्षेपणाला एक ईपीएसजी क्रमांक असतो; पुण्यासाठी चालणारा ३२६४३ हा क्रमांक तसाच वापरू नये. तो ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेसाठी आहे आणि नागपूर त्या रेषेच्या पूर्वेला असल्याने आपल्याला ३२६४४ लागेल. दुभाजक असलेल्या रस्त्यावर जवळची रेघ विरुद्ध दिशेची असू शकते, म्हणून जोडणीनंतर बाराही बिंदू एकेक करून पाहावेत. बाराच आहेत, पाच मिनिटांत होतील.

प्रश्न : बसच्या ताज्या स्थानांवरून रस्त्याचा वेग काढता येईल का? तशी माहिती भारतात खुली आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिल्ली सरकारच्या 'ओपन ट्रान्झिट डेटा' या संकेतस्थळावर बसचे मार्ग, थांबे आणि धावत्या बसची स्थाने मिळतात, स्थानांसाठी नोंदणी करून किल्ली घ्यावी लागते. ही स्थाने जीटीएफएस-रिअलटाइम या सार्वजनिक वाहतुकीच्या ताज्या माहितीसाठीच्या द्विमान (बायनरी) स्वरूपात येत असल्याने क्यूजीआयएस ती थेट उघडत नाही. पायथनची छोटी आज्ञावली लिहून आधी सीएसव्ही करावी, आणि वेळेच्या रकान्यावर क्यूजीआयएसचा कालनियंत्रक लावल्यास बस नकाशावर चालताना दिसतात. वेग मात्र जपून काढावा, कारण बस थांब्यावर थांबते आणि तो वेळ कोंडीचा नसतो. थांब्याच्या ५० मीटरच्या आतील बिंदू वगळून पाहावे. मुंबईपुरते बोलायचे, तर उबरचे 'मूव्हमेंट' हे संकेतस्थळ पूर्वी विभागनिहाय प्रवासवेळ अव्यापारी वापरासाठी देत असे, ते २०२३ मध्ये बंद झाले. त्या काळात उतरवून ठेवलेली फाइल एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकावर सापडली, तर जुन्या स्थितीशी तुलना करण्यास ती उपयोगी पडेल.